नाशिक ते पणजी कॅसिनो ट्रिप: मर्यादा घरूनच बांधून न्या

"पाच हजारांत एन्ट्री, जेवण, पिणं, आणि वर तीन हजारांच्या चिप्स परत." कॉलेज रोड असो की सातपूर, गोव्याच्या ट्रिपचा विषय निघाला की हे वाक्य येतंच, आणि दिशाभूल इथूनच सुरू होते. आकडे वारानुसार बदलतात, शुक्रवार ते रविवार महाग पडतं. पण मुद्दा आकड्याचा नाही, "परत" या शब्दाचा आहे. पॅकेजमधल्या चिप्स, म्हणजे टेबलावर पैशांऐवजी लावायच्या चकत्या, साधारणपणे वन टाइम प्ले असतात. काउंटरवर देऊन रोख मागता येत नाही, त्या टेबलावर एकदाच लावायच्या. जिंकलात तरी बहुतेक ठिकाणी मूळ चिप डीलर, म्हणजे टेबल चालवणारा कर्मचारी, उचलतो आणि फक्त जिंकलेली रक्कम खऱ्या चिप्समध्ये देतो. एका शून्याच्या रूलेटवर (फिरत्या चाकात गोळी कुठल्या आकड्यावर थांबेल, तो खेळ) लाल-काळ्यावर लावल्या, तर ३,००० च्या अशा चिप्सची खरी किंमत सरासरी १,४६० रुपये होते. म्हणून पॅकेजची पूर्ण रक्कम खर्चाच्या खात्यात टाका, खेळाच्या पैशात धरू नका.

दुसरा धक्का कराचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स विकत घेण्याच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. रूलेटच्या टेबलाचा फायदा, म्हणजे लावलेल्या पैशातून सरासरी कॅसिनोकडे जाणारा वाटा, २.७ टक्के असतो म्हणून रात्रभर डोकं लढवणारे लोक या ४० टक्क्यांकडे बघतही नाहीत. काउंटरवर पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: कर आत धरलाय की वरून लागणार? वरून असेल तर १०,००० च्या चिप्सना १४,००० मोजाल. आत असेल तर १०,००० देऊन ७,१४३ च्याच चिप्स हातात येतील. न वापरलेल्या चिप्स परत केल्या तरी कायद्यानं कर माफ होत नाही. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर मात्र तो पुन्हा लागत नाही. म्हणजे सगळ्यात महाग गोष्ट कोणती, तर काउंटरवर पुन्हा पुन्हा जाऊन चिप्स घेणं. तुमची मर्यादा "किती हरलो" यावर ठेवू नका, "काउंटरवर एकूण किती दिले" यावर ठेवा. पहिला आकडा मनात हवा तसा वाकवता येतो, दुसरा पावतीवर असतो.

जिंकण्यावरही सपाट ३० टक्के आयकर आणि वर सेस आहे, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. शनिवारी ४०,००० जिंकून रविवारी ४०,००० हरलात, तरी कायद्याच्या हिशेबानं तुम्ही ४०,००० कमावलेत.

प्रवासाबद्दल थोडक्यात. पुणे, कोल्हापूर, आंबोलीमार्गे रस्ता साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबई नाक्यावरून संध्याकाळची स्लीपर धरली तर झोप तुटक होते. नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेसनं थेट मडगाव गाठता येतं, पुढे पणजी ३५ किलोमीटर. ट्रेनच घ्या. कशानंही गेलात तरी पोहोचलेल्या रात्री खेळू नका. बसमध्ये अर्धवट झोपलेला माणूस रात्री दहाला टेबलावर बसतो आणि दोन वाजता त्याला गाढ झोप मिळून चाळीस तास झालेले असतात. त्या अवस्थेत कुठलीही मर्यादा टिकत नाही. समुद्र, मासे, जुनी चर्च याबद्दल सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो.

मुक्काम पणजीतच करा, अठरा जून रस्त्याच्या आसपास, जेट्टीवरून चालत जाता येईल असा. कॅसिनो नदीतल्या बोटींवर असतात, तिथे नेणारी फेरी बोट जेट्टीवरूनच सुटते. कळंगुट-बागाला खोली घेण्याचा हट्ट गटातला कुणीतरी करतोच, त्याला ठाम नाही म्हणा. ते अंतर पंधरा किलोमीटरचं आहे. रात्री दोनला टॅक्सीवाला सांगेल तो भाव ऐकला की "आता सकाळीच जाऊ" असं ठरतं, आणि सकाळपर्यंतचे तास टेबलावर जातात. टॅक्सीचे वाचवलेले पैसे दहा मिनिटं पुरत नाहीत.

आता पैशांची बांधणी. ही नाशिकमध्ये, निघायच्या दोन दिवस आधी करायची. बोटीवर ठरवलेली मर्यादा ही मर्यादा नसते. एक वेगळं बचत खातं घ्या, त्यात फक्त ट्रिपचे पैसे टाका आणि तेवढंच डेबिट कार्ड सोबत न्या. क्रेडिट कार्ड घरच्या कपाटात राहू द्या. ॲपमध्ये कार्डाची मर्यादा कमी करून ठेवणं चांगलं, पण ती दोन मिनिटांत वाढवताही येते, त्यामुळे त्या एकट्यावर विसंबू नका. खरी गळती यूपीआयची. मुख्य खातं ज्या फोनवर जोडलंय तो फोन रात्री हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवा आणि साधा फोन न्या. "एफडीत टाकलेत, सुरक्षित आहेत" हाही भ्रम आहे, कारण बऱ्याच बँकांत ऑनलाइन एफडी पहाटे तीनलाही मोडता येते.

रक्कम किती? गेली तर किराणा, फी, हप्ता, पतपेढीचं देणं, औषधाच्या दुकानाची उधारी यातलं काहीही पुढे ढकलावं लागणार नाही इतकीच. निफाड-पिंपळगावकडचे बागायतदार द्राक्षांचे पैसे हातात आल्यावर निघतात, त्यांना कळकळीनं सांगणं आहे: आधी वर्षाची देणी फेडा, मग उरलेल्यातून काढा. हातात एकरकमी आलेले पैसे मोकळे वाटतात, पण पुढच्या छाटणीचा खर्च त्यातच असतो.

समजा दोन रात्रींना मिळून १६,००० ठरले. दोन पाकिटं करा, ८,०००-८,००० ची, आणि दुसऱ्या रात्रीचं पाकीट लॉकरमध्ये ठेवा. एका डावाला रात्रीच्या पैशांचा चाळिसावा भाग, म्हणजे २०० रुपये. टेबलाचा किमान डाव रात्रीच्या पैशांच्या विसाव्या भागापेक्षा मोठा असेल तर बसूच नका. ८,००० घेऊन ५०० च्या टेबलावर बसलात, तर सोळा डावांचीच ताकद आहे, आणि रूलेटवर तासाला चाळीसेक डाव होतात. शनिवारी रात्री किमान डाव वाढवतात, तेव्हा उठून जेवायला जा.

खेळांबद्दल माझं स्पष्ट मत. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात बँकर आणि प्लेअर अशा दोन बाजू असतात. बँकरवर टेबलाचा फायदा १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४, आणि आठपट देणाऱ्या टायवर, म्हणजे बरोबरीवर, १४ टक्क्यांच्या वर. टायला हात लावू नका. रूलेटवर दोन शून्यं दिसली की पुढे चला, फायदा २.७ वरून ५.२६ होतो. अंदर-बाहर ओळखीचा म्हणून लोक तिथे बेफिकीर होतात. उघडलेल्या पानाच्या जोडीचं पान अंदर की बाहर, आधी कुठे पडेल यावर लावायचं. पहिलं पान अंदरला पडतं आणि अंदरला रुपयाला ९० पैसेच देतात, तिथे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास जातात, बाहरवर तीन.

आणि "डबल करत जा, एकदा तर येईलच" हा सल्ला देणाऱ्याच्या शेजारी बसू नका. ५०० पासून दुप्पट करत गेलात तर सलग सहा हरल्यावर ३१,५०० गेलेले असतात आणि सातवा डाव ३२,००० चा येतो, तोही ५०० जिंकण्यासाठी. शंभर डावांत अशी सहाची रांग लागण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. आणि त्याआधीच टेबलाची कमाल मर्यादा आडवी आली, तर दुप्पटही करता येत नाही.

रात्री एक ते चार. या तीन तासांत ट्रिप बिघडते, आणि कारण नेहमी हाव नसते. कारण असतं वाट बघणं. सहाजणांच्या गटात एकजण जिंकत असतो, तो उठत नाही. तिघांची पाकिटं संपलेली असतात, पण "सगळे एकत्र जाऊ" ठरलेलं असतं. म्हणून ते टेबलामागे उभे राहतात. कार्यक्रम संपलेला, बुफेत फक्त गोड उरलेलं, हातात ग्लास. मग जिंकणाराच दोन चिप्स पुढे सरकवतो, "घे, नंतर दे." इथून मर्यादा मोडते. या दोन चिप्स गेल्या की त्या फेडायला आणखी लागतात, आणि मग कुणीतरी "फोन लॉकरमध्ये आहे ना, आणतो" म्हणतो.

उपाय निघतानाच करा. प्रत्येकाच्या हातात खोलीची किल्ली हवी. परतीचा खर्च शर्टाच्या वेगळ्या खिशात हवा. पाकीट संपलं की कुणालाही न विचारता फेरी बोट धरून निघायचं, आणि त्याला कुणी थांबवायचं नाही. गटात उसनं देणं-घेणं पूर्ण बंद, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच लिहून घ्या, म्हणजे नाही म्हणणारा कंजूष ठरत नाही. टेबलावर फोन वापरू देत नाहीत, म्हणून मनगटावर थरथरणाऱ्या घड्याळात साडेबाराचा गजर लावा. पिणं खेळ संपल्यावर. पाकिटाइतकीच रक्कम वर जिंकलात तर मूळ पैसे लगेच काउंटरवर रोख करून घ्या आणि न खेळणाऱ्या माणसाकडे द्या. तो सकाळपर्यंत परत देणार नाही, हेही आधीच ठरवा.

हे सगळं पाळूनही हरणं होईल. पाकीट २०,००० चं धरलं, तर रूलेटच्या लाल-काळ्यावर ५०० चे दोनशे डाव खेळणाऱ्या सहाजणांपैकी साधारण एकजण दहा हजारांहून जास्त घालवेल. त्यात त्याची चूक शोधू नका, गणितच तसं आहे. वाईट तेव्हा होतं, जेव्हा तो दुसऱ्या रात्री "वसूल करायला" बसतो. २०,००० भरून काढायला ५०० चे चाळीस डाव जास्तीचे जिंकावे लागतात. ते होत नाही, म्हणून डाव २,००० वर जातो. पहिल्या रात्री पाकिटाबाहेर गेलेल्यानं दुसऱ्या रात्री जेट्टीवर यायचंच नाही. गटातल्या एकानं त्याच्यासोबत राहावं.

घरी आकडा त्याच दिवशी सांगा, पूर्ण आणि एकदाच. निम्मा सांगितला की उरलेला लपवायला कर्ज लागतं. कर्ज देणारी ॲप्स, सोनं गहाण, भिशी आधी उचलणं, या तिन्हींना हात लावू नका. परतल्यावर मोबाइलवर तीन पत्ती लावून भरून काढू म्हणणाऱ्याला सांगा, पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर २०२५ च्या कायद्यानं बंदी आहे, तिथे अडकलेल्या पैशाची दाद मागणं अवघड. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातल्या फार्महाउसवर "प्रायव्हेट कॅसिनो" आहे असं आमंत्रण आलं तर तेही बेकायदा, महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगीच नाही.

परतून आठवडाभरानंतरही झोपेत टेबल दिसत असेल, पुढच्या ट्रिपच्या पैशांची जुळवाजुळव घरच्यांपासून लपून चालू असेल, उधारी फेडायला ठेवलेल्या पैशांवर नजर जात असेल, तर १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जुगाराचं व्यसन हा निदान होणारा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. पहिला फोन बायकोनं, भावानं किंवा ट्रिपला सोबत गेलेल्या मित्रानं केला तरी चालतो.