नाणेघाट: दोन हजार वर्षांची मोजपट्टी

नाणेघाटाला जायचं ठरलं ते एका वादातून. वसईचे एक सहकारी आहेत, वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणते. पृथ्वी साधारण 6,000 वर्षांची आहे आणि डोंगरातले सगळे थर बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयात एका वर्षात साचले, अशी त्यांच्या प्रार्थनागटाची श्रद्धा. डबा खाताना त्यांनी मला विचारलं, "कोट्यवधी वर्षं म्हणतेस, ती मोजली कुणी?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर डोंगरासमोर उभं राहून द्यावं असं मला वाटलं. रविवारी त्यांची प्रार्थना असते म्हणून शनिवार ठरला. नौपाड्याची माझी मावशीही आली. तिला तिथला सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख पाहायचा होता.

ठाण्याहून पहाटेची लोकल पकडून कल्याण गाठलं. स्टेशनच्या पश्चिमेला लागूनच एसटीचं आगार आहे. तिथून मुरबाड-माळशेजमार्गे जुन्नर किंवा आळेफाट्याकडे जाणारी कुठलीही गाडी चालते. कंडक्टरला 'नाणेघाट पायथा' सांगून ठेवा. टोकावडे, मग वैशाखरे, आणि ते मागे पडलं की उतरायची तयारी ठेवायची. गाडीत डुलकी लागली तर थेट माळशेज चढाल.

सुरुवातीची वाट झाडीतून जाते, सावली असते. मग चढ लागतो आणि पायाखाली जुना दगडी मार्ग येतो. सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल कल्याणवरून याच घाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. मावशी या पायऱ्यांवर दर थोड्या वेळाने थांबत होती. दम लागला म्हणून थांबते असं मला वाटलं, पण ती पायऱ्यांना हात लावून बघत होती.

अर्ध्या चढावर दादांना पहिला दगड दाखवला. काळ्या कातळात वाटाण्याएवढी भोकं आणि काहींत पांढरे, चमकणारे खडे. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले, ती ही भोकं. नंतर भेगांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि पोकळीत स्फटिक वाढले. सोबत छोटं भिंग ठेवा, दहा मिनिटं तरी तिथून पाय निघणार नाही. हातोडी मात्र आणू नका. वाटेवर सुटे पडलेले तुकडे बघायला पुरतात.

घाटमाथ्याच्या थोडं खाली लेणं आहे. भिंतींवर ब्राह्मी अक्षरं, त्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेच्या काळातल्या यज्ञांची यादी: अश्वमेध, दान दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी. आकडेही कोरलेले आहेत आणि भारतातल्या सर्वांत जुन्या लेखी अंकांत ते मोजले जातात. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आज फक्त पावलं आणि वरची नावं उरली आहेत. अक्षरं वाचायची असतील तर टॉर्च समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ समांतर, आडवा धरा, म्हणजे खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. खडूने रेघोट्या ओढून फोटो काढणारे पूर्वी बरंच नुकसान करून गेलेत. तसं कुणी करताना दिसलं तर अडवा.

दादा त्या अक्षरांसमोर बराच वेळ उभे होते. मी म्हटलं, "दादा, हा लेख दोन हजार वर्षांचा धरू. या कातळाने दोन हजार पावसाळे झेलले, तरी छिन्नीची खूण गेलेली नाही. सहा हजार वर्षं म्हणजे असे फक्त तीन नाणेघाट." आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये बायबलमधल्या पिढ्या मोजून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी 4004 मध्ये ठरवला. त्या काळातलं ते अभ्यासाचं प्रामाणिक काम होतं, पण त्यांनी मोजले ते ग्रंथ. समोरच्या कड्याचा त्या हिशेबात कुठेच संबंध नव्हता.

कड्याचं वय मोजायची रीत वेगळी. दख्खनचा लाव्हा एकदाच ओतला गेला नाही, एकावर एक अनेक थर बसले. सह्याद्रीच्या घाटरस्त्यांवर कापलेल्या भिंतीत दोन काळ्या थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो, तो आवर्जून बघा. खालचा थर उघड्यावर पडून, ऊन-पावसाने कुजून त्याची माती झाली आणि मग वरचा लाव्हा आला. प्रलयाच्या पाण्याखाली अशी माती तयार होत नाही. काही पट्ट्यांत ज्वालामुखीची राखही असते आणि राखेत झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. म्हणून आज त्यात सापडणारं शिसं युरेनियमचंच झालेलं, आणि ते ठरलेल्या गतीने होतं. त्यावरून हे थर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचे निघतात. म्हणजे तेहेतीस हजार नाणेघाट.

"मग त्या काळात इथे काही जगत होतं की नुसती आग?" हे मावशीने विचारलं. जगत होतं. मुंबईत वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि 1847 मध्ये इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. दोन उद्रेकांच्या मधे तळं साचलं, बेडूक आले, पिढ्या झाल्या, मग पुन्हा लाव्हा. नाणेघाटाच्या कातळात जीवाश्म शोधू नका, लाव्हात ते टिकत नाहीत.

मावशीलाही तिची बाजू होतीच. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण मिळवलं, ही गोष्ट मी तिच्याच मांडीवर ऐकली. महाभारतात समुद्राने त्याला दिलेली भूमी शूर्पारक, म्हणजे आपलं सोपारा. घाटमाथ्यावरून खाली पसरलेला मुलूख बघताना ती गोष्ट सुचलेल्या माणसाचं मन मला कळतं. पण ब्रह्मदेवाचा दिवस 432 कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी, म्हणून 'पुराणांना आधीच माहीत होतं' असं कुणी म्हटलं, की दादांनी मला विचारला होता तोच प्रश्न मी विचारते: हा आकडा कुठला दगड मोजून आला? अमेरिकी शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 1956 मध्ये उल्केतलं शिसं मोजून 455 कोटी काढले होते. आकडे जवळ आले म्हणून रीत एक होत नाही. हा नियम एका श्रद्धेला लावायचा आणि दुसरीला सोडायचं, हे मला जमत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात उलटा उडणारा धबधबा बघायला प्रचंड गर्दी होते, पायऱ्या शेवाळतात आणि बंदीचे आदेशही निघतात, म्हणून आधी चौकशी करा. चढायला सवयीप्रमाणे अडीच-तीन तास. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्या, टाक्यांतल्या पाण्यावर विसंबू नका. वर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात, तो चुकवू नका. उतरताना गुडघ्यांना काठीचा आधार हवाच. अंधाराच्या आत डांबरी रस्त्यावर या, कारण संध्याकाळनंतर एसटी हात दाखवून थांबेलच असं नाही. हाताशी वेळ असेल तर त्याच रस्त्याने पुढे मोरोशीपर्यंत जा. भैरवगडाची सरळसोट भिंत रस्त्यावरूनच दिसते. उभ्या भेगेत घुसून थिजलेला तो लाव्हा आहे. भोवतालचा खडक झिजून गेला आणि ती उभी राहिली.

दादांचं मत बदललं का? त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. परतीच्या गाडीत मावशीने त्यांना तिच्या देवघरातल्या शाळिग्रामाबद्दल सांगितलं. वज्रकीटाने आत चक्र कोरलं असं ती मानते. तो गंडकीच्या खोऱ्यातला, टेथिस या प्राचीन समुद्राच्या तळाशी दगड झालेला ॲमोनाइट, म्हणजे शंखात राहणारा, आता नामशेष झालेला समुद्री जीव आहे, हेही तिला माहीत आहे, आणि रोज सकाळी ती त्याला तुळस वाहते.

पुढच्या शनिवारी दादा तिच्याकडे आले. मावशीने शाळिग्राम ताम्हनात ठेवून पुढे केला. दादांनी चष्मा वर सरकवला, माझं भिंग मागून घेतलं आणि शंखाचे वळसे मोजायला लागले.