जळगाव-मुंबई-दुबई: विमानाचे अंतर आणि वेळ मी असा काढतो

तिकीट काढण्यापूर्वी मी आधी हवाई अंतर काढतो. त्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश पुरतात. जळगाव (कुसुंबा) 20.96 उत्तर, 75.63 पूर्व, मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व. अक्षांशांतला फरक 1.87, गुणिले 111 (एक अंश म्हणजे साधारण 111 किमी), म्हणजे 208 किमी. रेखांशांतला फरक 2.76, त्याला 111 ने आणि मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे 20 अंशांच्या कोसाइनने (0.94) गुणले की 288 किमी. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की 355 किमी. रेल्वेने हेच अंतर सव्वाचारशेच्या आसपास भरते. कोसाइन विसरला तर उत्तर पंधराएक किलोमीटरने फुगते. दुबईपर्यंत ही रीत चालते, न्यूयॉर्कला नाही. तिथे पृथ्वीची गोलाई धरावीच लागते.

आता वेळ. छोट्या मार्गांवर उडणारे एटीआर-72 विमान ताशी 500 किमीच्या आसपास जाते. त्या हिशोबाने 43 मिनिटे येतात, पण तिकिटावर तासाच्या पुढचाच आकडा असतो, आणि तोच खरा धरावा. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, ठरलेल्या हवाई मार्गाचे वळण, हे सगळे त्यात येते. मुंबईत गर्दी असली की आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. इतक्या लहान प्रवासात 15 मिनिटांच्या घिरट्याही फार जाणवतात.

मुंबई-दुबई सुमारे 1,930 किमी. जाताना सव्वातीन तासांच्या आसपास, येताना त्याहून थोडे कमी, कारण हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे असतात आणि परतीला ते पाठीशी येतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. सकाळी 10 ला निघालेले विमान तिथल्या घड्याळात पावणेबाराला उतरते. नुसत्या दोन वेळांची वजाबाकी केली तर प्रवास पावणेदोन तासांचा वाटतो. तिकीट पाहताना बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

सर्वांत जास्त वेळ मात्र जमिनीवर जातो. दोन्ही तिकिटे वेगवेगळी असतील तर मुंबईत सामान स्वतः घ्यावे लागते आणि पुन्हा चेक-इन करावे लागते. त्यात टर्मिनल 1 वर उतरून टर्मिनल 2 गाठायचे असेल तर मध्ये रस्त्याचा प्रवास आला. आंतरराष्ट्रीय चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होते. म्हणून मध्ये चार तासांपेक्षा कमी अंतर मी ठेवत नाही. शक्य असेल तर एकाच पीएनआरवर तिकीट घ्यावे, पहिले विमान उशिरा आले तरी पुढची सोय कंपनीकडे राहते. नंदुरबारकरांनी जळगावचा विचार करण्याआधी सुरत तपासावे, तिथेही रेल्वेने जाता येते. धुळेकरांना ओझर (नाशिकचे विमानतळ) हाही पर्याय आहे.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलते. त्या सुमारास प्रवास असेल तर वेळ पुन्हा पाहून घ्यावी.