उघड्या काँक्रीटच्या इमारतीत अभ्यासिका

नाशिकमध्ये सत्तरच्या दशकात बांधलेली, गिलावा न केलेल्या काँक्रीटची एक सरकारी कार्यालयाची इमारत बऱ्याच काळापासून रिकामी पडून आहे. तिथे सार्वजनिक वाचनालय आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका करता येईल का, याची पाहणी करणाऱ्यांमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून मीही आहे. निर्णय अजून व्हायचा असल्यामुळे इमारतीचे नाव लिहीत नाही. माझे मत मात्र पक्के झाले आहे: ही इमारत वाचनालयाला योग्य आहे, आणि तिचे काँक्रीट रंगाखाली किंवा एसीपीच्या (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलच्या) चकचकीत पत्र्यांमागे न लपवता ती दुरुस्त करायला हवी.

या शैलीला वास्तुरचनाकार ब्रुटालिस्ट म्हणतात. बीम, कॉलम आणि स्लॅब जसे ओतले तसेच दिसू द्यायचे, शटरिंगच्या फळ्यांचे ठसेही पुसायचे नाहीत, हा तिचा आग्रह. याच धाटणीच्या, वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांच्या चंडीगडमधील कॅपिटॉल संकुलाला २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, तर पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, दिल्लीच्या प्रगती मैदानातील १९७२ चे हॉल ऑफ नेशन्स हे काँक्रीटचे प्रदर्शन दालन पाडले गेले. वास्तुरचनाकार राज रेवाल आणि अभियंते महेंद्र राज यांची ती रचना आपण पन्नास वर्षेही टिकू दिली नाही, याचे मला आजही वाईट वाटते. आपल्या इमारतीवर कोणाची प्रसिद्ध सही नाही. म्हणूनच ती जपण्याचे कारण आपल्याला तिच्या उपयोगातूनच दाखवावे लागेल.

पहिला प्रश्न वजनाचा. कार्यालयासाठी बांधलेला स्लॅब पुस्तकांच्या रॅकसाठी पुरेसा आहे असे गृहीत धरता येत नाही. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार साध्या कार्यालयीन खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भार धरतात, तर पुस्तकांच्या भांडारासाठी तो किमान ६०० किलो धरावा लागतो. त्यामुळे पुस्तके तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेल्या फरशीवर ठेवावीत, आणि वरच्या मजल्यांवर टेबल-खुर्च्यांची अभ्यासिका करावी. तिथेही मूळ रचना नेमका किती भार पेलते हे आधी तपासूनच. गच्चीवरून वजन कमी करणेही शक्य आहे. जुन्या सरकारी इमारतींत प्रत्येक गळतीनंतर आधीच्या ब्रिकबॅट कोब्यावरच (विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरावर) नवा कोबा घातलेला आढळतो, आणि १०० मिलिमीटर जाडीचा एक थर दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. हे थर मूळ स्लॅबपर्यंत काढून, नीट वॉटरप्रूफिंग करून, वर उष्णतारोधक थर आणि पांढरे चायना मोझॅक केले, तर एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर बसणाऱ्या मुलांनाही दिलासा मिळेल.

खरी काळजी सळईची आहे. ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२ ते १३ असतो, आणि त्या वातावरणात सळईवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपतो, चुन्याचे कार्बोनेट होते, सामू ९ च्या खाली उतरतो, आणि मग ओल मिळताच सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा लागते, म्हणून वरचे काँक्रीट फुगून तडकते आणि त्याचे ढलपे पडतात. सळईवर किती जाडीचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचा बाहेरचा थर, आहे यावर हे किती लवकर घडेल ते बरेचसे अवलंबून असते. अगदी १९७८ च्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकामध्येही स्लॅबला १५ मिलिमीटर कव्हर पुरेसे मानले होते. २००० च्या आवृत्तीत ते सौम्य हवामानासाठीही २० केले गेले. आमच्या इमारतीत छज्जांच्या कडा आणि पावसाळी पाइपांजवळचे बीम सर्वाधिक खराब आहेत, आतले कॉलम बऱ्यापैकी निरोगी आहेत. फोडलेल्या ताज्या भागावर फिनोल्फ्थॅलीन हे सामूनुसार रंग बदलणारे रसायन फवारले की शाबूत काँक्रीट गुलाबी होते आणि कार्बोनेट झालेले तसेच राहते. ती सीमारेषा सळईच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर दुरुस्तीचा सारा खर्च ठरतो. हातोडीच्या आवाजावरून अंदाज बांधून सरसकट गिलावा मारणे म्हणजे आतल्या गंजाला आडोसा देणे होय.

भूकंपाचा विचारही टाळता येणार नाही. २०१६ च्या आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकानुसार नाशिक तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात येते, आणि सळईच्या लवचिक मांडणीचे आयएस १३९२० हे मानक १९९३ चे, म्हणजे इमारतीनंतरचे आहे. प्रत्येक कॉलमला जॅकेटिंग केले, म्हणजे भोवती सळई आणि काँक्रीटचा नवा थर चढवला, तर त्यांची सडपातळ प्रमाणे बिघडतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे सुगम प्रवेश द्यायचाच आहे, म्हणजे लिफ्ट लागणारच; तिचा शाफ्ट काँक्रीटच्या भिंतींचा केला तर त्याच भिंती आडवा जोरही घेऊ शकतात. मात्र तो एका कोपऱ्यात ढकलला तर धक्क्याच्या वेळी इमारत पिळवटेल, म्हणून विरुद्ध बाजूला तोलाची भिंत द्यावी लागेल.

खोल छज्जांमुळे आत थेट ऊन येत नाही, ही वाचनासाठी मोठी सोय आहे. आवाज घुमतो, त्यावर छताला लाकडी लोकरीचे बोर्ड लावता येतील. वायरिंगसाठी मात्र काँक्रीटमध्ये झिरी मारू नयेत; पाइप भिंतीवरूनच, सरळ रेषेत न्यावेत.

उघडे, डागाळलेले काँक्रीट वाईट दिसते, हा आक्षेप मला मनापासून समजतो, पण पटत नाही. काळारामाचे मंदिर आणि गोदाकाठचे नारोशंकर मंदिर यांच्या काळ्या पाषाणाला रंग द्यावा असे कोणी नाशिककर म्हणणार नाही. पावसाचे ओघळ काँक्रीटवर उठून दिसतात, कारण छज्जांच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच एकतर नाही किंवा बुजली आहे. ती नव्याने केली तर निम्मी तक्रार मिटेल. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या पोंपेया भागात पिंपे बनवणाऱ्या जुन्या कारखान्याचे वास्तुरचनाकार लिना बो बार्डी यांनी सार्वजनिक केंद्र केले. ते १९८२ मध्ये खुले झाले. कारखाना बंद असतानाही तिथे कुटुंबे आणि मुले जमत होती, हे त्यांनी आधी पाहिले आणि त्या वावराला धरूनच आराखडा केला. आमच्याही इमारतीच्या पोर्चमध्ये दुपारी मुले पुस्तके घेऊन बसलेली असतात, आणि आराखड्याची सुरुवात त्या पोर्चपासून व्हावी असे मला वाटते.

सर्वात नाजूक काम ठिगळांचे आहे. नवा पॉलिमर मॉर्टर जुन्या काँक्रीटपेक्षा वेगळ्या रंगाचा दिसतो, आणि तो विसंवाद झाकण्यासाठीच शेवटी सगळीकडे रंग फासला जातो. सिलेन या पाणी झटकणाऱ्या रसायनाचा पारदर्शक लेप पाणी अडवतो आणि रूप बदलत नाही, पण तो कार्बन डायऑक्साइड अडवत नाही, हेही स्वच्छ सांगायला हवे. त्यामुळे जिथे कव्हर फारच कमी आहे अशा मागच्या भागांत संरक्षक रंग देणे मला मान्य आहे. दर्शनी भागासाठी मात्र सिमेंट, वाळू आणि रंगद्रव्याच्या वेगवेगळ्या प्रमाणांचे नमुने, जुन्या फळ्यांच्या रुंदीचेच शटरिंग लावून, मागच्या भिंतीवर करून पाहावेत आणि ते एका पावसाळ्यातून जाऊ द्यावेत. २०२७ च्या सिंहस्थाआधी शहर नीटनेटके करण्याची घाई मी समजू शकतो, पण हा एक पावसाळा वगळू नये, आणि नमुन्यांचे हे काम निविदेत स्वतंत्र बाब म्हणून, स्वतंत्र दरासह लिहिले जावे, एवढी विनंती मी पाहणीच्या टिपणात केली आहे.