प्रश्नचिन्हांतून वाचलेली भांडी

नाशिकच्या भांडी बाजारातले एक शेठ आपल्या दुकानाचं वेब पेज स्वतः लिहायला शिकताहेत, आणि मी त्यांना शिकवतो. हौस म्हणून नव्हे. आधीच्या वेब डिझायनरने डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्याच नावावर घेतलं, वाद झाला आणि मग ते सोडायलाच तयार होईना. असले प्रकार इतके चालतात की पहिल्या तासाला मी कोड उघडतच नाही. डोमेन कोणाच्या ईमेलवर नोंदवायचं, पासवर्ड कोणाकडे ठेवायचा, एवढंच सांगतो.

पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा शेठना पान लवकर हवं होतं. त्यांनी तीन फाइली सर्व्हरवर चढवल्या आणि तिन्हींवर मराठीच्या जागी कचरा उमटला. फोन आला, "सर, घरी तर बरोबर दिसत होतं!"

"मराठी दिसत नाही" ही तक्रार ऐकली की बहुतेक जण "फॉन्ट टाका" म्हणून मोकळे होतात. बिघाड बहुधा फॉन्टचा नसतोच. कचरा कोणत्या जातीचा आहे ते नीट पाहिलं, तर चूक कुठे झाली ते कळतं.

मुखपृष्ठावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याला चिकटून चार पाय फुटलेलं वर्तुळ आणि मधूनच जपानी येनचं चिन्ह, अशी माळ होती. ही जात सगळ्यात सोपी, कारण मजकूर शाबूत असतो. यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटांत, म्हणजे संगणकाच्या छोट्या आकड्यांत, साठवायची पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पहिले दोन, संगणकी आकड्यांत, ई० ए४ किंवा ई० ए५. ब्राउझरला एन्कोडिंग, म्हणजे ही साठवायची पद्धत, सांगितलं नाही, तर तो एकेक बाइट सुटा वाचतो, म्हणून तीच ती चिन्हं पुन्हा पुन्हा येतात. घरी बरोबर दिसण्याचं कारणही इथेच आहे. संगणकावरची फाइल उघडताना क्रोम आणि फायरफॉक्स यूटीएफ-८ आपणहून ओळखतात, सर्व्हरवरून आलेल्या पानाला मात्र ती सवलत देत नाहीत. इलाज एका ओळीचा: पानाच्या कोडमध्ये हेड टॅग उघडला की सगळ्यात आधी मेटा चारसेट यूटीएफ-८, म्हणजे एन्कोडिंग सांगणारी ओळ. ती ओळ पहिल्या १०२४ बाइटमध्ये यावी लागते. शेठनी आधी लांबलचक मराठी शीर्षक आणि वर्णन लिहिलं असतं, तर साडेतीनशे अक्षरांच्या आतच ती जागा संपली असती.

दुसरी फाइल पूजेच्या भांड्यांच्या दरपत्रकाची. तिच्यात इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी होती. मजकूर डीटीपीवाल्याने दिलेला. तो टाइप झाला होता जुन्या घडणीच्या फॉन्टमध्ये. त्यात 'क'च्या जागी खरं तर कुठलं तरी रोमन अक्षर असतं, देवनागरी फक्त त्याचं चित्र. असा मजकूर कुठलाही चारसेट वाचवू शकत नाही, तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत, आणावा लागतो. आणि कन्व्हर्टर हमखास अडखळतो तो पहिल्या वेलांटीवर आणि रफारावर, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो. 'अर्घ्यपात्र'चा रफार सुटून भलत्या अक्षरावर बसला होता. ओळ न् ओळ डोळ्यांनी तपासण्याला पर्याय नाही. छपाईवाल्यांकडून पत्रक करून घेताना "फाइल युनिकोडमध्ये द्या" असं बजावून सांगा. ते आपणहून देणार नाहीत, कारण त्यांचं काम कागदावर संपतं.

तिसऱ्या फाइलीत मात्र नुसती प्रश्नचिन्हं. ती पाहिली आणि मी गप्पच झालो. घरच्या नव्या लॅपटॉपवरचं नोटपॅड मुळातच यूटीएफ-८मध्ये सेव्ह करतं. विंडोज १०च्या १९०३ या आवृत्तीपासून तसं आहे. दुकानात मात्र विंडोज ७. तिथलं नोटपॅड सांगितलं नाही तर 'एएनएसआय'मध्ये, म्हणजे मराठीला जागाच नसलेल्या जुन्या एन्कोडिंगमध्ये, सेव्ह करतं. आधी इंग्रजीत एक इशारा येतो, युनिकोड अक्षरं जातील असं सांगणारा, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना माणूस ओके दाबतो. त्या क्षणी प्रत्येक मराठी चिन्हाचं खरोखरचं प्रश्नचिन्ह होतं. ते उलट फिरवता येत नाही. सुट्या मालाची अख्खी यादी गेली होती आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

शेठ स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, "ही कळशी आहे."

चार प्रश्नचिन्हं, पुढे १२००, पुढे किंमत. आकडे ते नेहमी उजवीकडच्या नंबर पॅडवरून मारतात, कॅल्क्युलेटरची सवय. नंबर पॅडवरून इंग्रजी आकडे उमटतात आणि एएनएसआय त्यांना हात लावत नाही. त्यामुळे ग्रॅममधलं वजन आणि किंमत जशीच्या तशी होती. शेठ वजनावरून सांगत गेले, मी प्रश्नचिन्हं मोजत गेलो. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाचं वेगळं चिन्ह धरायचं. ताम्हन सहा, घंगाळ पाच, पंचपात्र आठ. त्यांचं वजन आणि माझी मोजणी जुळली की ओळ पक्की.

अडलं ते तीन चिन्हांच्या दोन ओळींवर. दोन्ही ४५० ग्रॅम. समईही तीन चिन्हांची आणि गडूही. शेठनी किमतीला वजनाने भागलं. दुकानात पितळ आणि तांबं किलोवर विकलं जातं आणि तांब्याचा दर चढा. "हा गडू. ती समई."

यादी अशीच उभी राहिली. हे मला कोणी सांगितलं असतं, तर मी खरं मानलं नसतं. गेलेली फाइल कोणत्याही सॉफ्टवेअरने परत दिली नसती.

दुकानाच्या मशीनवर मग नोटपॅड प्लस प्लस टाकलं आणि एन्कोडिंग यूटीएफ-८वर ठेवलं. एचटीएमएल टॅगमध्ये भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, लिहिली, म्हणजे काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे येतात. ओळींमधलं अंतर १.६ केलं, नाहीतर उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. शीर्षकाला त्यांनी लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये अंतर, दिलं होतं, ते काढलं. शिरोरेघेचे तुकडे पडत होते.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमलेलं नाही. मला यादीतले आकडे मराठीत हवेत. यूटीएफ-८मध्ये तेही तितकेच सुरक्षित असतात, हे मी दाखवूनही दिलं. शेठ ऐकत नाहीत. त्यांनी माझ्यासमोर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये, फॉन्टचा आकार मराठी '१८' असा लिहिला, ब्राउझरने ती ओळ सरळ सोडून दिली, आणि ते माझ्याकडे बघून हसले. कोडमधले आकडे इंग्रजीच लागतात, ते वेगळं प्रकरण, असं मी म्हणालो. त्यांनी तोवर पुढच्या ओळीत समईचं वजन नंबर पॅडवरून मारलंसुद्धा होतं.