आमच्या गावची बालसभा

आज गावात बालसभा झाली. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यासाठी ग्रामसभेच्या आधी ती घ्यायची असते, पण पुष्कळदा कागदावरच उरकते. आज मात्र सातवी ते दहावीच्या पोरांनी आधी गावफेरी केली आणि मग देवळासमोरच्या फरशीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढला. हातपंप, तुंबलेली गटारं, बंद पडलेले दिवे, सगळं त्यांना पाठ! मुलींनी शाळेच्या वाटेवरचा अंधारा पट्टा दाखवला. मोठ्यांच्या बैठकीत हा विषय मी कधी ऐकला नव्हता.

मग ग्रामसेवकांनी फळ्यावर पैशाचं गणित मांडलं. केंद्राकडून ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या १५व्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच, उरलेल्या ४० टक्क्यांत बाकीच्या गरजा. हे कळताच पोरांनी शाळेच्या स्वच्छतागृहातलं पाणी ६० टक्क्यांत टाकलं आणि दिवे ४० टक्क्यांत. मैदानावरून मात्र भरपूर वाद झाला, आणि तो होऊ दिला हे फार बरं झालं.

ग्रामसभेत मत द्यायला १८ वर्षं पूर्ण असावी लागतात. त्यामुळे पोरांच्या मागण्यांची ही यादी तिथे आपणच लावून धरायची आहे. गावकऱ्यांनो, ग्रामसभेला या, आणि पोरांनाही सोबत आणा.