आमची वाटचाल : रजिस्टरातला शेवटचा रकाना

आमची एजन्सी कारखान्यांना माणसं मिळवून देते. फिटर, टर्नर, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) सेटर-ऑपरेटर ही आमची लाइन. भोसरी, चाकण, तळेगाव हा पुण्याजवळचा पट्टा. २०२०आधीची सात-आठ वर्षं माणसं लागत गेली, बिलं निघत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते २०२०चं.

आमची फी वार्षिक सीटीसीच्या (माणसावर कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याची रक्कम. ९० दिवसांत माणूस गेला तर बदली फुकट. मार्चमध्ये लॉकडाउन लागला, नुकतीच लावलेली पोरं गावी गेली. बदली द्यायला माणूस नाही म्हणून कंपन्यांनी जुनी बिलंही अडवली. लहान उद्योगांची बिलं चुकती करायची एमएसएमई कायद्यातली ४५ दिवसांची मुदत कागदावरच राहिली. त्यातच शेजारच्या एका एजन्सीने कंपन्यांना फी शून्य केली आणि ती उमेदवारांकडून काढली: नोंदणीचे ५००, गणवेशाचे १०००, वर मूळ मार्कशीट अडकवून ठेवायची. आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. ही खंत अजून आहे, लपवत नाही.

टिकले ते भोसरीचे गिअरवाले शेठ. त्यांची अट एकच: "फी घ्या, पण पोराचा दिवस फुकट घालवू नका."

म्हणून पोराला फोनवरच चार गोष्टी सांगायच्या: पीएफ-कॅन्टीन कापून हातात पडणारा पगार, शिफ्ट, बस कुठून, आणि मशीनचा कंट्रोल (चालवायचा कॉम्प्युटर) फॅनुक कंपनीचा की सिमेन्सचा. फॅनुकवर हात बसलेला पोरगा सिमेन्ससमोर उभा केला की ऑफसेटचं (टूलची मापं भरायचं) पान शोधण्यातच वेळ जातो, आणि शेरा पडतो 'काम येत नाही'.

चाचणीआधी मायक्रोमीटरचा (बारीक माप घ्यायचं साधन) झिरो आपण तपासायचा. ड्रॉइंगवर ±०.०२ मिमीची सूट आणि झिरो एरर ०.०३ मिमी असेल, तर बरोबर मोजणाराच नापास होतो. चाचणी अर्ध्या तासाची. 'ट्रायल' म्हणून आठ तास उत्पादन काढून घेणं म्हणजे फुकटची पाळी. मूळ कागद पाहून तिथेच परत द्यायचे. झेरॉक्सवर कंपनीचं नाव आणि तारीख घालून तिरकी रेघ मारायची. सध्याच्या कंपनीत चौकशीचा फोन राजीनाम्याआधी कधीच नाही; पोराची हातची नोकरी जाते.

आमच्या रजिस्टरात शेवटचा रकाना 'निरोप' असा आहे, म्हणजे पोराला निकाल कळवला की नाही. ४८ तासांत भरला नाही तर त्या ओळीवर लाल शाई. नकारही कारणासकट कळवायचा: "मायक्रोमीटरच्या स्लीव्हवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ सुटली, माप ०.५०ने कमी वाचलंत." एवढं कळलं की आयटीआयचा पोरगा दोन दिवसांत सराव करून परत येतो. नुसतं 'कळवू' म्हटलं की तो महिनाभर फोनकडे बघत बसतो, दुसरीकडे जात नाही, आणि पुढच्या वेळी आपला फोन उचलत नाही. एचआरच्या नव्या मुलींना हे पहिल्या दिवशी शिकवा.

शेजारची ती एजन्सी अजून चालू आहे. बोर्ड आमच्यापेक्षा मोठा, आणि त्यावर आता 'विश्वासार्ह' असंही रंगवलंय.