चोंगचिंग: समुद्र नसलेलं निर्यातकेंद्र

आजचा दिवस चीनच्या आतल्या भागातल्या चोंगचिंग शहराच्या नकाशावर गेला. इथून यांगत्से नदीने शांघाय बंदर गाठायचं तर सुमारे २,४०० किमी. निर्यातीसाठी इथे कारखाना कोण काढणार?

उपमहापौर (पुढे महापौर) हुआंग छीफान यांनी गणित उलटं मांडलं. सुटे भाग किनाऱ्यावरून आणायचे आणि तयार माल परत न्यायचा, तर भाडं दोनदा पडतं. म्हणून २००९च्या सुमारास लॅपटॉप विकणाऱ्या एचपीसोबत फॉक्सकॉन, क्वांटासारखे त्यांची जोडणी करणारे आणि त्यांच्यामागे सुटे भाग बनवणारेही तिथेच आणले. माझ्या मते खरी अक्कल इथेच आहे. नुसती स्वस्त जमीन देऊन हे झालं नसतं.

मग २०११ची थेट जर्मनीतल्या डुइसबुर्गपर्यंतची मालगाडी, सुमारे ११,००० किमी. चीनचे रूळ १,४३५ मिमी, कझाकस्तान-रशियाचे १,५२०, म्हणून सीमेवर क्रेनने कंटेनर दुसऱ्या गाडीवर चढवावे लागतात. पोलंडच्या हद्दीवर पुन्हा तेच. हिवाळ्यात कझाक माळरानावरची कडाक्याची थंडी लॅपटॉपला सोसत नाही, त्यासाठी उष्णतारोधक कंटेनर लागले. परतीचे डबे सुरुवातीला बरेचसे रिकामे यायचे, त्यामुळे भाडं अनुदानावर टिकलं. जहाजापेक्षा वेळ मात्र निम्म्याहून कमी, आणि महागड्या मालात अडकलेलं भांडवल तेवढं लवकर सुटतं.

नागपूरच्या मिहानबद्दल, म्हणजे समुद्रापासून तितक्याच दूरच्या आपल्या मालवाहतूक-उद्योग प्रकल्पाबद्दल, बोलताना सुटे भाग बनवणाऱ्यांचा प्रश्न आधी विचारायला हवा.